ऑलिटाचं वरचं टोक

ऑलिटा हे गाव एका जागी कधीच नव्हतं. जुन्या माणसांना विचाराल तर ती चार दिशांना चार बोटं दाखवतील, आणि चारही खरी. मिसिसिपीच्या पाइनच्या जंगलात कंपनी झाडं तोडायची. आसपासचं जंगल संपलं, की पुढे जिथे लाकूड असेल तिथवर रूळ टाकायची आणि गाव उचलून तिकडे न्यायची. उचलून म्हणजे अगदी उचलून. प्रत्येक घर रेल्वेच्या उघड्या डब्यावर मावेल एवढंच बांधलेलं, छपराच्या मधोमध लोखंडी कडी. वाफेवरची यारी यायची, कडीत आकडा अडकवायची आणि घर डब्यावर ठेवायची. एकवीस इमारती, एकवीस डबे. गावाला नाव मालकाच्या मुलीचं. ती बाई इकडे कधी फिरकली नाही, आणि फिरकायचं ठरवलं असतं तरी गाव त्या दिवशी कुठे असेल हे तिला कोण सांगणार होतं?

गाव हललं तरी रीत हलत नसे. प्रत्येक नव्या जागी मुख्य रुळांतून फुटलेली एक फाटी असायची. तिचं एक टोक उंचावर, झऱ्यापाशी, वाऱ्यावर. दुसरं खाली, दलदलीपाशी. वरच्या टोकाला गाव चालवणाऱ्या साहेबांचं घर. मग कारकून आणि फोरमन अशा गोऱ्या मंडळींची सहा. मग दुकान, मग चर्च. आणि तिथून खाली पाण्यापर्यंत काळ्या लोकांची बारा. हे कुणी कुठे लिहिलेलं नव्हतं. पाऊस वरून खाली पडतो हे तरी कुठे लिहिलेलं असतं?

ओझेलाचं घर बारावं. त्याच्यापुढे बेडूक.

ओझेलाच्या चुलीवर भिंतीत तीन खिळे होते. लग्नानंतर क्लीव्हने कंपनीच्या दुकानातून निळ्या काठाचे तीन कप आणले होते, एकेका पोरासाठी एकेक. पहिल्या ऑलिटात रूबेन हिवतापाने गेला. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याचा कप ओझेलाने त्याच्या मातीवर ठेवला. गाव हललं तेव्हा गाडीत दोन कप भिंतीवर वाजत होते. दुसऱ्या ऑलिटात डेसी गेली. आता तिसऱ्या ऑलिटाला निघायची वेळ आली, आणि भिंतीवर कप एकच होता, टेनीचा. टेनी पाच वर्षांची होती. डेसी गेली तेव्हा तीही पाचच वर्षांची होती.

सामान बांधताना ओझेलाने तो कप आधी खिळ्यावरून काढला, मग परत टांगला, मग परत काढला. शेवटी क्लीव्ह म्हणाला, "अगं, एकदा काय ते ठरव. त्या खिळ्याला चक्कर येईल."

क्लीव्ह सांधेवाला होता. गाडी कुठल्या रुळावरून कुठल्या रुळावर जायची ते त्याच्या हातातल्या दांड्यावर ठरायचं, आणि त्याने दांडा कधी ओढायचा ते दुसरेच ठरवायचे.

गाव हलायच्या दिवसाची मजा काही औरच. चुली विझवायच्या नाहीत असा बायकांचा दंडक. एका घरात चवळी, दुसऱ्यात डुकराचं खारं मटण, तिसऱ्यात मक्याचा पाव, आणि गाव धूर सोडत जंगलातून चाललंय. वाटेत रुळांचा एक मोठा त्रिकोण होता. तिथे अख्खी गाडी आत घालून बाहेर काढली की तोंडाची शेपूट होते. त्रिकोणापाशी थांबून सगळ्यांनी जेवायचं, मग गाडी फिरवायची आणि पुढे जायचं, अशी पद्धत. या वेळी फिरवणं जरुरीचं होतं, कारण नवी फाटी दलदलीतून निघून टेकडीवर संपत होती. इंजिन मागून ढकलणार, म्हणजे पुढचा डबा टेकडीवर जाणार. तेव्हा साहेबांचं घर पुढे हवं.

साहेबांचं नाव मिस्टर बॉल्ड्रिज. माणूस मोठा नव्हता, आवाज मोठा होता. त्या दिवशी तीन ताटं मटण खाऊन ते आपल्या घरात, आपल्या डुलत्या खुर्चीत, आपल्या डब्यावर झोपी गेले. ते झोपलेले असतानाच डॉब्स ड्रायव्हरने गाडी त्रिकोणातून फिरवली. क्लीव्हने तिन्ही सांधे स्वतःच्या हाताने ओढले.

तासाभराने साहेब दारात आले. बघतात तर तेच पाइन, तोच त्रिकोण, तेच इंजिन.

"अजून फिरवली नाही गाडी?"

"फिरवली, साहेब," क्लीव्ह म्हणाला.

"कधी?"

"मगाशी. तुम्ही जरा पडला होतात तेव्हा."

"मी घरात होतो. माझं स्वतःचं घर उलटं फिरलं आणि मला कळलं नाही, असं तुझं म्हणणं?"

यावर काय बोलणार? क्लीव्हने डॉब्सकडे बघितलं. डॉब्स गोरा, त्याचं एक वाक्य पुरलं असतं. पण डॉब्सच्या पगारावर सही साहेबांची, आणि त्याला त्याच क्षणी खिशातलं घड्याळ बघायची निकड लागली.

"फिरवा," साहेब म्हणाले. "आणि नीट फिरवा."

तेव्हा गाडी दुसऱ्यांदा, अगदी नीट फिरवली.

संध्याकाळच्या आत गाव नव्या फाटीवर चढलं. आधी दलदल लागली, मग उतारावरचं गवत, मग टेकडी. टेकडीवर खडकातून झरा वाहत होता आणि वारा असा की चुलीचा धूर सरळ आडवा. गाडीचं पहिलं टोक तिथे जाऊन थांबलं. पहिल्या डब्यावर ओझेलाचं घर होतं. यारीवाल्याला घर कुणाचं याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने आकडा अडकवला आणि घर उचललं. चवळी उतू जाईल म्हणून ओझेला आतच राहिली होती. टेनीला कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली, आणि दार हळूहळू माणसांच्या डोक्यांच्या वर गेलं.

वरून तिला सगळं दिसलं. झरा दिसला. खूप खाली, गाडीच्या दुसऱ्या टोकाला, शेवाळी पाण्याच्या कडेला साहेबांचं पांढरं घर दिसलं. आणि साहेब रुळांवरून चढत, धापा टाकत येताना दिसले.

"साहेब," डॉब्स म्हणाला, "हे तर ओझेलाचं घर."

"दिसतंय मला."

"मग इथे उतरवायचं की..."

सगळं गाव गोळा झालं होतं. परत त्रिकोणापर्यंत जायचं म्हणजे चौदा मैल, आणि यारी दुसऱ्या दिवशी लुइझियानात हवी होती. पण चौदा मैलांचं काही नव्हतं. साहेबांनी क्लीव्हकडे बघितलं. क्लीव्हने आपल्या बुटांकडे बघितलं. त्या बघण्यात 'मी सांगत होतो' असं तसूभरही नव्हतं, आणि साहेबांना तेच जास्त झोंबलं.

"उतरवा," ते म्हणाले. "बरोबर आहे सगळं."

"टेकडीवर?"

"कसली टेकडी? हे खालचं टोक आहे. वरचं टोक तिकडे, जिथे माझं घर आहे तिकडे."

डॉब्सने टेकडीकडे बघितलं, मग दलदलीकडे, मग टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं," तो म्हणाला. काय करतो?

घर जमिनीवर टेकलं, आणि ओझेलाने टेनीला कडेवरून उतरवलं. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, आणि भीती जास्त होती. चूक उघडी पडली तर ती साहेबांची राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चूक उतारावरून घरंगळत येते आणि सगळ्यात खालच्या माणसापाशी थांबते, मग तो टेकडीवर का उभा असेना. क्लीव्हची नोकरी जाईल, यारी परत येईल, आणि टेनी पाण्यावर. टेनीला या झऱ्यापाशी ठेवायचं तर हे खोटं टिकलं पाहिजे. ते साहेबांनी बोलून ठेवलं होतं, आता सांभाळायचं काम तिचं.

त्या रात्री तिने बारा घरांच्या वस्तीतल्या सगळ्यांना बोलावलं. सफ्रोनीमावशी वस्तीत सगळ्यात म्हातारी, बाकी शरीराने थकलेली पण जिभेने नाही. ती म्हणाली, "म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा टेकडीवर राहायला आले, आणि तिला टेकडी म्हणायचं नाही?"

"नाही म्हणायचं, मावशी. दलदल म्हण. डास फार आहेत असं म्हण."

"इथे डास नाहीत गं."

"नाहीत म्हणूनच म्हण."

मावशीने तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात नेली. "साठ वर्षं मी गोऱ्यांच्या हो ला हो म्हणतेय. पण त्यात फायदा पहिल्यांदाच दिसतोय," ती म्हणाली.

आणि मग सुरू झाली ती गंमत. घरं उलट्या तोंडाने उतरली होती, म्हणून सगळ्यांची दारं जंगलाकडे आणि पाठी रुळांकडे. साहेबांनी जाहीर केलं की असंच हवं होतं, त्यात आब राहतो. त्यांच्या अंगणात गुडघाभर चिखल झाला, तर त्यावर फळ्या टाकून त्याला त्यांनी सौधावरची वाट म्हटलं. फोरमनच्या पोराने दुकानातून टेकडीकडे येताना चढावर पाय घसरून दात पाडला, तर घरी 'वरून खाली पडलो' असं सांगितलं म्हणून शाबासकी मिळाली. पाद्री ब्रदर पूल यांचं चर्च बरोबर मधे, उतारावर. ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाविषयी बोलताना हात कुठल्या दिशेला करावा याचा इतका विचार करायचे, की शेवटी हात खिशात घालूनच बोलू लागले.

दुकानातला कारकून तर पक्का बेरकी. सफ्रोनीमावशी मीठ आणायला गेली की तो विचारायचा, "काय मावशी, खाली कसं काय?"

"ओल फार आहे रे बाबा," मावशी कोरड्या ठणठणीत रुमालाने नाक पुसत म्हणायची. "तुमचं वर बरं आहे. तुझ्या बुटात तो बेडूक आहे का?"

"वरच्या हवेला येतात," कारकून म्हणायचा.

पहिल्या उन्हाळ्यात गोऱ्या मंडळींच्या सात घरांपैकी पाच घरांत हिवताप आला. दुसऱ्या उन्हाळ्यात सातही घरांत. साहेब ऐन जुलैमध्ये घोंगडी पांघरून ओसरीवर बसायचे, दात कडकड वाजायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "उंचावर गारवा असतोच." क्विनीन खाऊन त्यांच्या कानात सतत घंटा वाजायच्या, त्यामुळे कुणी उलट काही बोललंच तर ते त्यांना ऐकूही येत नसे.

टेनी मात्र भरत होती. गाल वर आले, मांड्या भरल्या, दिवसभर झऱ्यात डुंबायची. ओझेला तिला कप देत नसे. टेनी झऱ्यावर ओंजळीने पाणी प्यायची, घरात ताक वाटीतून. कप खिळ्यावर. एकदा टेनीने विचारलं, "माझा आहे ना तो?" तर ओझेला म्हणाली, "तुझाच आहे. म्हणूनच राहू दे तिथे."

साहेबांची बायको, तिकडच्या रीतीने सगळ्यांची मिस कोरिन, दर गुरुवारी रिकामा जार घेऊन झऱ्यावर यायची. टेकडी चढता चढता तिच्या तोंडाला फेस यायचा. रंग पिवळा पडला होता, केस गळत होते.

"जरा खाली येऊन जावं म्हटलं," ती खडकावर बसत म्हणायची. "खाली उतरताना दम लागतो, नाही?"

"लागतोच, मिस कोरिन. जाताना वर जायचंय, तेव्हा सोपं जाईल."

दोघी एकमेकींकडे बघायच्या. ओझेला जार भरून द्यायची, वर थोडा पुदिना. तिला त्या बाईची दया यायची आणि दया आल्याचा रागही यायचा. रूबेन तापाने फणफणला होता तेव्हा वरच्या झऱ्याचं पाणी आणायला क्लीव्ह गेला होता, आणि झऱ्यावर याच बाईच्या स्वैपाकिणीने त्याला हुसकून लावलं होतं. ते ओझेला विसरली नव्हती. तरीही जार ती काठोकाठ भरायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात मालक आले.

मालक मिस्टर उटली मिशिगनचे. मनाने भले. भल्या माणसांची ओझेलाला नेहमीच जास्त भीती वाटायची. वाईट माणूस काय करणार हे आधी कळतं तरी. उटलींनी त्या वर्षी मजुरांच्या आरोग्यावर कुठलीशी पुस्तिका वाचली होती आणि ती त्यांच्या मनात फार घर करून बसली होती. त्यांची खासगी आगगाडी फाटीच्या तोंडाशी थांबली. ते उतरले ते थेट दलदलीत, मांडीपर्यंत आत.

"टेकडीवर दव फार पडतं," साहेब त्यांना वर ओढत म्हणाले.

उटलींच्या हातात कंपनीचा नकाशा होता. साहेबांनीच पाठवलेला. त्यावर एका टोकाला 'वरचं टोक, साहेब' आणि दुसऱ्या टोकाला 'खालचं टोक, वस्ती' असं सुबक अक्षरात लिहिलेलं. मालक डोळ्यांपेक्षा कागदावर भरवसा ठेवणारे होते. तसे नसते तर मालक झाले नसते. बुटातलं पाणी ओतत ते म्हणाले, "सुरेख जागा आहे. पण मला तुमची जागा बघायची नाही, बॉल्ड्रिज. मला त्या बिचाऱ्यांची बघायची आहे. खालची."

सगळे निघाले. पुढे मालक, मागे घोंगडीतले साहेब, मागे मिस कोरिन, कारकून, ब्रदर पूल. रस्ता चांगलाच चढाचा. वर येईपर्यंत मालकांचा चेहरा लालबुंद झाला.

"बघा," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "नुसतं खाली उतरायचं तर माणूस अर्धा मेला. इथली हवाच जड आहे."

ओझेला दोरीवर कपडे वाळत घालत होती. टेनी पायरीवर बसून रताळं खात होती. मालकांनी तिच्यासमोर उकिडवं बसून तिचा गाल बोटाने दाबून पाहिला.

"सूज," ते हळहळत म्हणाले. "पुस्तिकेत लिहिलंय. दलदलीत पोरं अशी फुगतात." झऱ्याचं पाणी त्यांनी ओंजळीने चाखलं, आणि ते गार गोड पाणी गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि हे बिचारे हे पितात."

मग ते उठून उभे राहिले. "बॉल्ड्रिज, माझं ठरलं. सोमवारी यारी मागवा. ही बाराही घरं उचला आणि वरच्या टोकाला न्या, तुमच्या शेजारी. खर्च माझा."

ओझेलाच्या हातातली चादर खाली पडली.

तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी तोंड उघडलं. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं: मालक, टेकडी ही. पण ते बोलले असते तर तीन वर्षांची दलदल, तीन वर्षांचा ताप आणि तो त्रिकोण, सगळं एकदम अंगावर आलं असतं. त्यांनी तोंड मिटलं. दात तेवढे वाजत राहिले.

क्लीव्ह रुळांवर उभा होता. तो पुढे सरकला. आता हा खरं बोलणार, हे ओझेलाला त्याच्या खांद्यांवरून कळलं. खरं बोलून हा नोकरीतून जाणार, आणि यारी तरीही येणार, कारण खऱ्या टेकडीवर मग साहेबांचं घर हवं. खरं बोललं तर टेनी दलदलीत आणि खोटं चाललं तरी टेनी दलदलीत. आणि त्या दोन्हींच्या चिमट्यातच तिला ती गोष्ट सापडली. इतकी जुनी, इतकी रोजची, की आजवर तिच्या कधी कामाला येईल असं वाटलंच नव्हतं.

"देव तुमचं भलं करो, मालक," ती घाईघाईने म्हणाली. चादर उचलून तिने घडी घालायला घेतली. "आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या खाली राहिलो. आता वर जायचं म्हणजे सोनंच झालं. म्हणजे माझं घर मिस कोरिनच्या अगदी समोर येईल, होय ना? ओसरीला ओसरी लागून?"

"शेजारीच," मालक प्रेमाने म्हणाले.

"सकाळी उठलं की त्यांना आधी माझं तोंड दिसेल, आणि मला त्यांचं. बाकी आमच्यात माणसं साठ-सत्तर आहेत. रविवारी आम्ही गातो ते जरा मोठ्याने. पण रस्ता एक, विहीर एक, तर सवय होईल. पोरंही एकत्र खेळतील. माझी टेनी फार माणूसवेडी आहे. जेवायच्या वेळी ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्या टेबलाशी जाऊन बसते."

टेनीने हे खरं करून दाखवण्यासाठी रताळं मालकांपुढे धरलं.

मालकांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक होतं, मग त्याखालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. ब्रदर पूल खोकले. कारकून अभावितपणे म्हणाला, "विहीर एक?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं," मालक म्हणाले. "म्हणजे... म्हणायचं होतं, पण..." त्यांनी नकाशा उघडला, उलटा केला, सुलटा केला. "अगदी समोर?"

"दुसरीकडे जागाच नाही, मालक," सफ्रोनीमावशी मागून म्हणाली. "मी चर्चच्या पायरीशी येईन. माझ्या डुकरांसकट."

मिस कोरिनने तेव्हा ओझेलाकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिच्या एका शब्दाने ती स्वतः झऱ्यापाशी राहायला आली असती, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. तिचे ओठ हलले. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. घोंगडीतला तो माणूस तिच्याकडे अशा नजरेने बघत होता, की तिने कपाळावर हात नेला.

"मला नाही झेपायचं, मिस्टर उटली," ती म्हणाली. "आमचं वर आम्हालाच पुरे आहे."

मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांचं मन भलं होतं, पण त्या भलेपणालाही एक कुंपण होतं, आणि ते कुंपण त्यांनी पुस्तिकेपेक्षा फार लहानपणी वाचलं होतं. "प्रत्येकाला आपली जागा बरी," ते हळूच म्हणाले, आणि टेनीच्या डोक्यावर थोपटून त्यांनी तिला एक पेपरमिंटची कांडी दिली. जाताना त्यांनी कंपनीच्या नियमांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, की यापुढे कुठल्याही गावात हा क्रम बदलू नये: साहेबांचं घर वरच्या टोकाला, म्हणजे फाटीच्या तोंडाशी; वस्ती खालच्या टोकाला, म्हणजे फाटीच्या शेवटाला. आणि सही केली.

मंडळी घसरत, अडखळत दलदलीकडे 'वर' गेली. क्लीव्ह ओझेलापाशी आला.

"काय गं हे? कसं सुचलं तुला?"

ओझेला पायरीवर मटकन बसली. हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "ज्या गोष्टीसाठी यांनी माझी दोन पोरं पाण्यात घातली," ती म्हणाली, "तीच गोष्ट आज मी हात जोडून मागितली, क्लीव्ह. आमच्याजवळ राहू नका, असं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. आणि मला आनंद झाला. आनंद झाला याचीच चीड येतेय."

क्लीव्ह तिच्याशेजारी बसला आणि तिच्या मांडीवरच्या अर्धवट घडीच्या चादरीचं दुसरं टोक धरून घडी पुरी करू लागला.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. आरोग्यदायी जागा निवडल्याबद्दल कंपनीने त्यांना एक प्रशस्तिपत्र दिलं, आणि ते घेताना त्यांचा हात इतका थरथरत होता की कागद फाटला. निघण्याआधी मिस कोरिन झऱ्यावर आली. या वेळी जार भरलेला होता, काकवीने. "खाली चढवत नाही आता," ती म्हणाली, आणि दोघी पहिल्यांदाच एकत्र हसल्या. जार तिथेच ठेवून ती गेली.

नवे साहेब तरुण आणि पुस्तकी होते. आणखी दोन वर्षांनी जंगल संपलं आणि चौथ्या ऑलिटाकडे निघायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नियमांची वही काखेत धरूनच सगळं करवून घेतलं. पुढची फाटी नदीकाठच्या चिखलातून निघून उंच माळावर संपत होती. त्रिकोणापाशी डॉब्सने विचारलं, "फिरवू का, साहेब?"

नव्या साहेबांनी वही उघडली, बोट ठेवून वाचलं. "माझं घर वरच्या टोकाला, फाटीच्या तोंडाशी. नको फिरवू. चिखलातच उतरव मला."

डॉब्सने क्लीव्हकडे पाहिलं. क्लीव्हने घड्याळ नसलेल्या खिशात हात घातला.

त्याच दिवशी सकाळी, गाव उचलण्याआधी, रिवाजाप्रमाणे बायका टेकडीमागच्या दफनभूमीवर जाऊन आल्या होत्या. सफ्रोनीमावशी तिथे होती, तिच्या मातीवर तिचा तंबाखूचा डबा. ओझेला तिथे थोडी उभी राहिली. मावशीचा निरोप झाला, पण या वेळी तिच्या पोटचं तिथे कुणी नव्हतं. आणखी निरोप घ्यायचा तर कुणाचा, हे न कळून ती तशीच परत फिरली. घरी टेनी उंबऱ्यात होती, अकरा वर्षांची, आईच्या खांद्याएवढी. तिच्या हातात निळ्या काठाचा कप होता.

"हा इथे ठेवून जायचा ना?" तिने विचारलं. "आपण प्रत्येक गावात एक ठेवतो."

ओझेलाने कप घेतला, मिस कोरिनच्या जारमधून त्यात झऱ्याचं पाणी ओतलं आणि टेनीच्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "आणि धुऊन खिळ्याला टांग. लवकर, यारी आलीय."

टेनी प्यायली. घर उचललं गेलं, डब्यावर टेकलं. डॉब्सने भोंगा वाजवला. गाडी हलली, आणि चुलीवरच्या तीन खिळ्यांपैकी एकावर तो एकच कप भिंतीवर वाजायला लागला. ओझेला चवळी ढवळता ढवळता चौदा मैल तो आवाज ऐकत राहिली. या टेकडीवर आला होता तेव्हाही एकच होता.